कोंडी ही बरोबरी नव्हे

धारच्या अक्का कारखानीस हरत नसत. फारशा जिंकतही नसत, पण ती गोष्ट त्यांच्या तोंडावर काढायची कुणाची छाती नव्हती. धार-देवास बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धेत त्या बावीस वर्षं खेळत आल्या होत्या आणि बावीस वर्षांत त्यांच्या राजाला मात देणारा माणूस अख्ख्या माळव्यात जन्मला नव्हता. समोरचा कितीही तयारीचा असो, तीन तास अक्कांपुढे बसला की त्याच्या वजिराचे पाय दुखू लागत, घोडे पेंगायला लागत, आणि शेवटी तो स्वतःच हात पुढे करून म्हणे, "अक्का, बरोबरी?" अक्का चष्मा काढत, पदराला पुसत, परत लावत आणि म्हणत, "तू म्हणतोस तर."

हा गुण नोकरीतला. अक्का तहसील कचेरीत रीडर होत्या. कुठल्या तहसिलीत, ते त्या सांगत नसत. पक्षकारांना पुढची पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, देणं हे त्यांचं काम. बांधावरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांना त्यांनी इतक्या तारखा दिल्या, की भाऊ दर महिन्याला एकाच बसनं येता येता एकाच डब्यात जेवू लागले आणि शेवटी तारीख नको, आम्हाला फक्त भेटायला जागा द्या, असा अर्ज त्यांनी केला. पटावर अक्का तेच करायच्या. समोरच्याच्या हल्ल्याला नाही म्हणायचं नाही, फक्त पुढची तारीख द्यायची.

देवासच्या नारायणरावांनी एकदा या तारखेचा धसका घेतला होता. त्यांचा अक्कांशी डाव लागला सकाळी नऊला, आणि त्यांचं लग्न होतं दुपारी साडेबाराचं. बाराला वरात हॉलच्या दारात आली, बँडवाल्यांनी तीन गाणी वाजवली, चौथं सुरू केलं, आणि नवरदेव फेटा बांधून अजून हत्ती कुठं ठेवावा याचाच विचार करत होते. शेवटी होणारे सासरे आत आले आणि हात जोडून म्हणाले, "अक्कासाहेब, मुलगी बोहल्यावर उभी आहे, बरोबरी द्या." अक्का म्हणाल्या, "ज्याचा डाव त्यानं मागावी." देवासला ही हकिकत कुणीही शपथेवर सांगेल, एक नारायणराव सोडून.

तर अशा अक्कांवर यंदाच्या फेब्रुवारीत गदा आली. आणि ती कुठल्या वजिरानं आणली नाही, आणली गुणांच्या तक्त्यानं.

मंडळाची स्पर्धा जानेवारीत झाली होती. सात फेऱ्या. जिंकला त्याला एक गुण, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा, हरला त्याला शून्य. सगळं जग मोजतं तसंच. तक्त्यातले पहिले चार मार्चमध्ये इंदूरच्या सामन्याला मंडळाचा संघ म्हणून जात. अक्का चौथ्या होत्या, चार गुण घेऊन: सहा बरोबऱ्या आणि एक विजय. तो विजयसुद्धा देवासच्या भाऊंवर, जे चौदाव्या खेळीनंतर पटावरच झोपले आणि घड्याळ संपलं तरी उठले नाहीत. पाचवी होती अक्कांचीच नात, म्हणजे चुलत पुतण्याची मुलगी, कृतिका. एकोणीस वर्षांची, धारच्या कॉलेजात. तीन डाव जिंकली, तीन हरली, एक बरोबरीत सुटला. साडेतीन गुण. तिला घोडा कसा चालतो हे अक्कांनीच शिकवलं होतं, आणि ती त्या घोड्यावर बसून सरळ आगीत उडी मारायची, हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

इंदूरला संघाची यादी पाठवायच्या आधी मंडळाची बैठक भरली. देवासला टेकडीच्या पायथ्याशी मंडळाचा हॉल आहे, तिथं, रविवारी सकाळी. पोहे होते, वर शेव होती, आणि भिंतीवर प्रोजेक्टर लावलेला होता. प्रोजेक्टर बघताच अक्का कृतिकेच्या कानात म्हणाल्या, "काहीतरी वाईट दाखवणार."

दाखवणारा होता श्रेयस दिघे. देवासचा, सव्वीस वर्षांचा, इंदूरला कंपनीत नोकरी, आणि यंदाच्या स्पर्धेत पहिला. पोरगा हुशार होता, बोलायला गोड होता, आणि अर्ध्या गुणाचा त्याला मनापासून राग होता.

"सन्माननीय अध्यक्ष, आणि सब लोग," तो म्हणाला, "आपल्या स्पर्धेला बघायला कोण येतं? कोणीच नाही. का? कारण सगळे डाव ड्रॉ होतात. म्हणून माझा प्रस्ताव: जिंकल्यास तीन, बरोबरीस एक, हरल्यास शून्य. फुटबॉलसारखं. मग लोक जिंकायला खेळतील, भिया, नुसता राजा वाचवायला नाही."

"बघणाऱ्यांना फुटबॉलच हवा असेल, तर फुटबॉल बघू दे," अक्का म्हणाल्या. "इथं कशाला शेव खायला बोलावतोस त्यांना?"

"अक्का, तुमच्यावर काही नाहीये हे."

"माझ्यावर नाही? मग तो तक्ता पुढं सरकव बघू. नव्या हिशोबानं चौथं कोण येतं?"

श्रेयसनं बटण दाबलं. भिंतीवर नावं हलली. वरची तीन होती तिथंच राहिली, खालची होती तिथंच राहिली. फक्त मधली दोन एकमेकांच्या जागी गेली. कृतिका दहा. अक्का नऊ.

दत्ताजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"म्हणजे सगळी यंत्रं लावून," अक्का म्हणाल्या, "एक म्हातारी बसमधून उतरवली."

"आणि डाव संपल्यावर नियम बदलायचा?" धारचे एक सभासद उठले.

"यादी अजून गेली नाही, म्हणजे संपलेलं नाही," श्रेयस म्हणाला. "अक्का, बुरा मत मानो, पण कृतिका लढली. तिनं तीन जिंकले."

"आणि तीनदा आपटली. मी सातांपैकी एकदाही आपटले नाही. ती लढली आणि मी काय सहा डाव भजी तळत होते? मला खायला म्हणून जो जो आला तो उपाशी घरी गेला. त्याची किंमत अर्धी होती, ती तू तिसऱ्या हिश्श्यावर आणतोस. कुणाच्या हुकमानं?"

"मताधिक्याच्या."

"घे मग मतं."

कृतिका मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होती.

मंडळाचे अध्यक्ष दत्ताजी जगताप. वय अठ्ठ्याहत्तर, मिशा त्याहून दहा वर्षांनी थोर. आजोबा संस्थानच्या दरबारात होते, आणि त्या आजोबांबद्दल दत्ताजी सांगत त्यातलं निम्मं जरी खरं असतं तरी देवासला समुद्र असता. त्यांनी घसा खाकरला.

"आमच्या आबासाहेबांच्या वेळी दरबारात गुण नव्हतेच. वजिरानं मात केली तर नारळ. हत्तीनं केली तर शेला. आणि प्याद्यानं मात केली तर खराखुरा घोडा, खोगिरासकट! आबासाहेबांनी एका चातुर्मासात एकोणीस घोडे जिंकले."

"मग तुमचे वडील आयुष्यभर सायकलवर का फिरले?" अक्कांनी विचारलं.

"एवढ्या घोड्यांतला कुठला निवडावा, ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही," दत्ताजी म्हणाले आणि त्यांनी मंडळाची वही उघडली. "चला. प्रस्ताव किती आहेत रे?"

"तीन," श्रेयस म्हणाला. "पहिला, तीन-एक-शून्य. दुसरा, वीस खेळ्यांच्या आत बरोबरी मागायला बंदी. तिसरा छोटासा आहे, स्टेलमेटचा."

दत्ताजींची एक सवय होती. ते कुठलीही गोष्ट मागून सुरू करत. पत्र आधी सहीपासून वाचत, पंगतीला ताक आधी पीत. त्यांनी तिसरा प्रस्ताव आधी घेतला.

स्टेलमेट म्हणजे कोंडी. ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही, आणि दुसरी सोंगटीही चालता येत नाही. जगभर ही बरोबरीच धरतात. श्रेयसला ते पटत नव्हतं. "समोरच्याला पार कोपऱ्यात कोंबायचं, त्याला हलायलासुद्धा जागा ठेवायची नाही, इतकी मेहनत करायची, आणि मिळणार काय? बरोबरी! ये तो जुल्म है. कोंडणारा वरचढ धरा. कोंडलेल्याला कमी, कोंडणाऱ्याला जास्त."

हॉलमध्ये कुणाला शेवटची कोंडी कधी झाली ते आठवेना. कुणाचंच त्यात काही जात नव्हतं. सगळ्यांनी हात वर केले, अक्कांनीसुद्धा. दत्ताजींनी बोरूनं लिहावं तसं पेन दाबून वहीत लिहिलं: *कोंडी ही बरोबरी नव्हे. कोंडणाऱ्याची सरशी समजावी. सर्वानुमते मंजूर.* आणि फुंकर मारून शाई वाळवली. पेन बॉलपेन होतं, पण ते फुंकर मारतच.

दुसरा प्रस्ताव पडला. श्रेयससकट सगळ्यांना कधी ना कधी लवकर घरी जायचं असतं.

मग पहिला आला. अध्यक्ष सोडून सभासद आठ, चार धारचे, चार देवासचे.

"नव्या हिशोबाच्या बाजूनं?"

श्रेयसचा हात. देवासच्या आणखी दोघांचे. आणि मग, शेंगदाण्यांवरची नजर न उचलता, कृतिकेचा.

अक्कांनी तो हात पाहिला. हात खाली आला नाही.

"विरुद्ध?"

अक्का, धारचे उरलेले दोघे, आणि देवासचे भाऊ. भाऊंनी खरं तर शेव मागायला हात वर केला होता, पण दत्ताजींनी तो मोजला, आणि मोजलेला हात परत देण्याची पद्धत मंडळात नव्हती.

चार आणि चार.

"बरोबरी," अक्का म्हणाल्या. इतक्या प्रसन्नपणे, की श्रेयसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अध्यक्षांचं जादा मत असतं!"

"माझं मत मी बायकोच्या हयातीत कधी दिलं नाही," दत्ताजी म्हणाले, "आणि ती सुखरूप आहे. तुमचं तुम्ही निपटा."

"पटावर निपटू," अक्का उभ्या राहिल्या. "मी आणि हा. एक डाव, आत्ता. मी जिंकले तर जुना हिशोब राहील."

"आणि ड्रॉ झाला तर?" श्रेयस घाईनं म्हणाला. "नाही अक्का, तुम्ही ड्रॉ करणार, सबको पता है. बरोबरी झाली तर माझा हिशोब लागू. तुमची सरशी झाली, तरच जुना."

धारचे दोघे ओरडले की हा अन्याय आहे, बावीस वर्षांत अक्कांनी जेवढे विजय मिळवले ते एका हाताच्या बोटांवर मावतात, आणि त्यातला एक तर झोपलेला होता. भाऊ म्हणाले, "मी डोळे मिटून विचार करत होतो." अक्कांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं.

"मंजूर. बरोबरी तुझी. दत्ताजी, लिहा. अक्का कारखानिसांची सरशी झाली तर जुना हिशोब, एरवी नवा. पट मांडा."

कृतिका पट मांडायला पुढं आली. सोंगट्या लावताना तिचा घोडा दोनदा आडवा पडला.

"अक्का," ती पुटपुटली, "मैं क्या करती, मला पण जायचंय इंदूरला."

"मग हात वर केलास ते बरं केलंस. मला विचारून केला असतास, तर कान उपटला असता. आता बाजूला हो, माझा उजेड अडतोय."

प्रत्येकाला पाऊण तास. अक्कांकडे पांढऱ्या सोंगट्या आल्या.

श्रेयसला फक्त बरोबरी पुरेशी होती, आणि नेमकी बरोबरी कशी राखावी हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आयुष्यात कधी राखली नव्हती. तो सवयीनं हल्ला करत सुटला. अक्कांनी तारखा दिल्या. त्यानं घोडा पुढं काढला, अक्कांनी त्याला एक घर मागं जायला लावलं. त्यानं वजीर आणला, अक्कांनी स्वतःचा वजीर समोर नेऊन ठेवला आणि दोघांची गच्छंती केली. पंचविसाव्या खेळीला अक्कांचं एक प्यादं गेलं. तिसाव्याला श्रेयसची दोन. भाऊ सबंध डावभर जागे होते, आणि हा विक्रम देवासला अजून सांगतात.

पस्तिसाव्या खेळीनंतर अक्कांपाशी राहिला राजा, एक उंट आणि दोन प्यादी: एक मधलं, एक अगदी कडेचं. श्रेयसपाशी राजा आणि एकटा घोडा. धारच्या दोघांनी एकमेकांच्या मांडीवर थापा मारल्या. अक्का जिंकत होत्या! पण श्रेयसच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट तो एकदम खुलला, सरळ बसला, आणि त्यानं आपला शेवटचा घोडा अक्कांच्या मधल्या प्याद्यावर फेकून दिला. घोडा मेला, प्यादंही मेलं.

आता अक्कांचा राजा, उंट आणि कडेचं एकुलतं प्यादं. समोर श्रेयसचा नंगा राजा, कोपऱ्याकडे निघालेला.

श्रेयस उठला आणि त्यानं हात पुढं केला.

"किताबी बरोबरी, अक्का. हे कडेचं प्यादं वजीर व्हायला त्या कोपऱ्यात जाणार, तो कोपरा पांढरा. तुमचा उंट काळ्या घरांचा. माझा राजा कोपऱ्यात बसला, की त्याला बाहेर काढणारं तुमच्याकडे कुणी नाही. शंभर वर्षं खेळलात तरी मात होणार नाही. पुस्तकात आहे."

दत्ताजींनी मान हलवली. धारच्या दोघांनी मांडीवरचे हात उचलून डोक्याला लावले. कृतिकेला हे अक्कांनीच शिकवलं होतं, दहाव्या वर्षी: चुकीच्या रंगाचा उंट. तिनं डोळे मिटून घेतले. तिची इंदूरची जागा पक्की झाली होती आणि तिला ती नको वाटत होती.

अक्कांनी चष्मा काढला. पदराला पुसला. परत लावला. पुढं केलेला हात तसाच हवेत होता.

"मला घड्याळात अजून नऊ मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "खाली बस."

"अक्का, प्लीज. हे ड्रॉच आहे."

"बैस म्हणते ना! पुस्तक तुझं आहे. प्यादं माझं आहे."

श्रेयस बसला. अक्कांनी प्यादं सरकवलं. श्रेयसनं राजा हलवला, हसत. अक्कांचा राजा प्याद्याशेजारी आला. श्रेयसचा राजा कोपऱ्याजवळच्या घरात. अक्कांनी उंट लांबच्या काळ्या तिरक्या रेषेवर आणला. शह.

श्रेयसपुढं दोन घरं होती. बाहेरच्या बाजूला गेला तर प्यादं धावत जाऊन वजीर होणार. म्हणून तो पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कोपऱ्यात गेला आणि खुर्चीला टेकला.

"आता?" तो म्हणाला.

अक्कांनी उंट उचलला आणि त्याच रेषेवर एक घर मागं ठेवला. बस, एवढंच. शह नाही, काही नाही. घड्याळाचं बटण अंगठ्यानं दाबलं.

श्रेयसनं राजा उचलला. बाजूच्या घरावर उंटाची नजर होती. पुढच्या दोन्ही घरांवर अक्कांच्या राजाची. त्यानं राजा परत कोपऱ्यात ठेवला. पुन्हा उचलला. दुसरी सोंगटी नव्हतीच, ती त्यानं स्वतःच फेकून दिली होती.

"स्टेलमेट," तो म्हणाला. "झाला ना ड्रॉ. मी काय म्हणत होतो?"

"दत्ताजी," अक्का म्हणाल्या, "वही वाचा. तुमच्या पद्धतीनं, तिसरा प्रस्ताव आधी."

दत्ताजींनी वही उघडली, चष्मा नाकावर ओढला आणि दरबारात खलिता वाचावा तसा वाचला: "कोंडी ही बरोबरी नव्हे. कोंडणाऱ्याची सरशी समजावी. सर्वानुमते मंजूर."

श्रेयसचं तोंड उघडं राहिलं. "पण… पण ते माझ्या हिशोबासाठी होतं! तीन-एक-शून्यबरोबर!"

"वेगळं मांडलंस, वेगळं मंजूर झालं. शाई वाळली," दत्ताजी म्हणाले.

"पर पूरी दुनिया में स्टेलमेट ड्रॉ होता है!"

"पूरी दुनिया में बरोबरीचा अर्धा गुणही असतो," अक्का म्हणाल्या. "तेव्हा तुला दुनिया नको होती. मला कोपऱ्यात कोंबायला निघालास ना? बघ, तिथं कसं वाटतं. हलून दाखव."

श्रेयसनं आणखी एकदा राजाकडे पाहिलं, कोपऱ्यातून एखादं गुप्त दार निघतंय का म्हणून. मग तो हसायला लागला. आधी नाइलाजानं, मग खरोखर, डोळ्यांतून पाणी येईतो. "मान गए अक्का. माझाच नियम."

"चांगला नियम आहे. तो राहू दे. यादी लिही. चौथं नाव कारखानीस, अनुस्वार विसरू नकोस."

"अक्का, कारखानीसवर अनुस्वार नाहीये," कृतिका म्हणाली.

"तुला मराठी वाचता येतं, एवढंच बघायचं होतं."

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी, कृतिका शेजारी. घाटाबिल्लोद गाव मागं पडलं. मग कृतिकेनं पिशवीतून छोटा चुंबकाचा पट काढला आणि मांडीवर ठेवला. डाव सुरू झाला. ती नेहमीसारखी आगीत उडी मारत गेली, आणि धारचे दिवे दिसायच्या बऱ्याच आधी, ऊन अजून शेतांवर असतानाच, तिचे दोन हत्ती अडकले.

"अक्का," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पण मी तीन-एक-शून्यलाच हात वर करणार."

"कर. मीही विरुद्धच करीन. माझी जागा हवी तर मला हरवून घे, तक्त्यानं नको."

कृतिकेनं पटाकडे पाहिलं, हत्तींकडे पाहिलं, आणि हात पुढं केला. "बरोबरी?"

अक्कांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"तुझ्या मतानं बरोबरीची किंमत एक," त्या म्हणाल्या. "एकासाठी कोण थांबतं? खेळ."